उभ्या गाडीतला प्रवास

रविवारी दुपारी चारच्या सुमारास दिवाकर कापगते सपत्नीक डोंगरगडला निघाले. त्यांनी आरसा नीट केला, पट्टा लावला, बायकोलाही लावायला लावला आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर पाहू लागले. समोर मरोदा सेक्टरमधल्या त्यांच्याच क्वार्टरचं मेंदीचं कुंपण होतं, आणि कुंपणावर नलूबाईंनी सकाळी वाळत घातलेला टॉवेल. गाडी जागची तसूभरही हलली नाही. हलावी अशी कुणाची अपेक्षाही नव्हती.

"राजनांदगाव गेलं का जी?" नलूबाईंनी मुरमुऱ्यांच्या डब्याचं झाकण उघडत विचारलं.

"आता येईल. टेडेसरा सुटलं."

"मंग मी थोडी पडते. डोंगर दिसला का उठवजा."

शेजारचा ओमप्रकाश दळण घेऊन चालला होता. तो खिडकीशी वाकला. "भाईसाहब, राजनांदगांव तक हमको भी छोड़ देते."

"बैठो ना," दिवाकरराव म्हणाले. ओमप्रकाशने पिठाचा डबा कट्ट्यावर ठेवला, चपला बाहेर काढल्या आणि तो मागे बसला. थोड्या वेळाने 'बस, यहीं उतार दीजिए' म्हणून उतरला, चपला घातल्या आणि डबा उचलून समोरच्या आपल्या घरात गेला.

बघणाऱ्याला हे खूळ वाटेल. पण खुळालाही कारण लागतं, आणि इथे कारण होतं सात वर्षांचं कर्ज.

स्टील प्लँटच्या माणसाचा कर्जाकडे बघायचा एक खास डोळा असतो. क्वार्टरचं भाडं, वीज, सोसायटीचा हप्ता, सगळं पगारातून परस्पर कटतं. जे हातात आलंच नाही, ते गेलं असं कसं म्हणायचं? म्हणून प्लँटचा माणूस वस्तूची किंमत विचारत नाही, कटौती किती ते विचारतो. दिवाकरराव पंप हाउसमध्ये उभा जन्म घालवलेले गृहस्थ. ते शोरूममध्ये गेले ते छोटीशी गाडी बघायला. तिथे सिद्धांत नावाचा दुर्गचा मराठी मुलगा भेटला, म्हणजे अर्धा विश्वास तिथेच बसला. त्याने किमतीचं नावसुद्धा काढलं नाही.

"काका, महिन्याला किती झेपेल?"

दिवाकररावांनी आकडा सांगितला.

"मग छोटी कशाला घेता? त्याच हप्त्यात मोठी बसते. फक्त पाच वर्षांच्या जागी सात करू."

त्या 'फक्त'मध्ये दोन वर्षं होती हे दिवाकररावांच्या लक्षात आलं नाही. त्यांचं लक्ष गाडीच्या छताकडे होतं. छताला खिडकी होती. सीट मागे केली की सरळ आभाळ दिसत होतं. आयुष्यभर पंपांच्या घरघरीत राहिलेल्या माणसाला हप्त्याहप्त्याने आभाळ मिळत असेल तर तो वर्षं मोजत बसणार आहे का? गाडी घरी आली.

महिनाभराने मिलमधल्या एका सोबत्याची गाडी पाचव्या वर्षी कायमची बसली. त्याचंही कर्ज सात वर्षांचं. गाडी भंगारात गेली आणि कटौती पगारात राहिली. मेलेल्या गाडीचे हप्ते भरणारा तो माणूस कँटीनमध्ये समोर येऊन बसला की दिवाकररावांच्या घशाखाली समोसा उतरेना. आपली गाडी आपल्या कर्जाआधी मेली तर? आणि मशीन मरतं कशाने? चालवल्याने. हे त्यांना पंप हाउसने शिकवलं होतं. तिथे एक पंप चालतो आणि दुसरा स्टँडबाय असतो. चालणारा झिजतो, स्टँडबाय नव्यासारखा राहतो. आठवड्यातून एकदा त्याला पाच मिनिटं चालवून बघायचं, बस्स. उपाय सापडला. गाडी स्टँडबायवर गेली आणि दिवाकरराव पूर्वीसारखे सायकलवर.

तसाही हप्ता गेल्यावर पेट्रोलला उरत होतं काय? फुकटच्या सर्व्हिसिंग संपल्यावर तेलपाणी त्यांनी घरीच करायला घेतलं. दर रविवारी कडुलिंबाखाली पाच मिनिटं इंजिन चालायचं. एका रविवारी ते बंद केल्यावरही दिवाकरराव आत बसून राहिले. वरच्या खिडकीतून लिंबाची पानं दिसत होती, त्यांच्या मागून ढग चालले होते. ढगांकडे बघत राहिलं की ते थांबतात आणि आपण चालू लागतो. दिवाकरराव चालू लागले. शिवनाथचा पूल गेला, साळीची हिरवीगार बांधी गेली, वाऱ्याने बाही फडफडल्यासारखी वाटली. नलूबाई चहा घेऊन आल्या तेव्हा ते देवरीच्या जंगलात होते.

"कुठं हाव जी?" त्यांनी विचारलं होतं.

"बस," दिवाकरराव म्हणाले होते, आणि त्या बसल्या होत्या. तेव्हापासून रविवार चुकला नाही.

इथवर कुणाचं काही बिघडलं नव्हतं. पण रविवारी संध्याकाळी फोन यायचा तो आमगावजवळच्या खेड्यातून, दिवाकररावांचे वडील फकिराजी यांचा.

"कुठं हाय रे बापू?"

"गाडीत हाओ, बाबा. रामटेकहून परत येऊन राहिलो."

यात दिवाकररावांच्या मते खोटं काही नव्हतं. ते गाडीतच होते, आणि मनाने खरोखर रामटेकहून परत येत होते. फकिराजी दुसऱ्या दिवशी पिंपळाच्या पारावर बसून गावाला रामटेक सांगायचे. गाव ऐकायचं. अशी रामटेक झाली, पचमढी झाली, नागझिरा झाला. गावाकडच्या रस्त्यावर मात्र गेली चार वर्षं पुलाचं काम चालू होतं, असं दिवाकरराव सांगत. एवढं एकच खोटं, तेही सरकारी कामाबद्दल, म्हणून सहज खपलं.

चौथं वर्ष सरत आलं आणि नलूबाईंना एकाएकी जाग आली. पुढच्या चैत्रात दिवाकरराव रिटायर होणार होते. म्हणजे पगार थांबणार, क्वार्टर सोडावं लागणार. कर्ज मात्र आणखी तीन वर्षं चालणार.

"क्वार्टर प्लँटचं," नलूबाई म्हणाल्या. "गाडी फायनान्सवाल्याची. मंग आपलं काय हाये जी?"

"हप्ता," दिवाकरराव प्रामाणिकपणे म्हणाले.

दिवाकररावांनी फायनान्स कंपनीत जाऊन विचारलं. चार वर्षं इमानाने भरूनही कर्ज अर्ध्याखाली आलेलं नव्हतं.

"मंग आपण भरलं ते गेलं कुठं?"

"आधी व्याज खाते म्हणे, मंग मुद्दल."

"म्हंजे पाव्हणे जेवून गेले, अन् घरचे उपाशी!"

नलूबाईंनी दोन दिवस ते घास मोजले आणि ठरवलं, गाडी विकायची. पोरी आपापल्या घरी सुखी होत्या. रिटायरमेंटच्या पैशात दोन खोल्या होतील एवढंच बळ होतं, त्यात हे तीन वर्षांचं शेपूट नको. पण गाड्यांचा भाव कर्जापेक्षा भराभर उतरतो. तसल्या चार वर्षं वापरलेल्या गाडीला बाजारात जे मिळत होतं, त्यात कर्ज फिटेना. गाडी देऊन वर पदरचे पैसे घालायची पाळी. फक्त एकच आशा होती. ही गाडी वापरलेलीच नव्हती. न चाललेल्या गाडीला चार पैसे जास्त मिळतील आणि कर्ज काठोकाठ फिटेल, असा नलूबाईंचा हिशेब होता.

"पाहा," दिवाकरराव हळूच म्हणाले, "स्टँडबायचा फायदा झाला का नाही?"

नलूबाईंनी त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं की ते उठून सायकलला हवा भरायला गेले.

विकायच्या आदल्या संध्याकाळी त्यांना राहवलं नाही. त्यांनी वडिलांना फोन केला. "बाबा, गाडी विकून राहिलो."

"कावून रे?"

"आता दुसरी पाहू म्हटलं."

"केवढ्याले? गिऱ्हाइक कोन हाये?" फकिराजींचा आवाज एकदम तरणा झाला. दिवाकररावांनी सांगितलं आणि फोन ठेवला. त्या प्रश्नामागे काय शिजतंय हे त्यांच्या ध्यानात यायला हवं होतं. ते नेहमीसारखे ढगांत होते.

सकाळी भैयालाल आला. कँप-1 मध्ये जुन्या गाड्यांचा धंदा करणारा, पोट सुटलेला, गोड बोलणारा, डोळ्यांनीच गाडी सोलणारा माणूस. त्याने दार उघडलं, मीटर बघितला आणि मनापासून हसला.

"चार साल में चार सौ किलोमीटर भी नहीं? भाईसाहब, मीटर पीछे करना ही था तो थोड़ा शर्म से करते. बीस हज़ार दिखाते, हम मान लेते."

"पीछे नहीं किया जी," दिवाकरराव म्हणाले. "चली ही नहीं."

"तो चार साल गाड़ी का किया क्या?"

दिवाकररावांनी नलूबाईंकडे बघितलं. नलूबाईंनी कुंपणावरच्या टॉवेलाकडे बघितलं.

"बैठे," दिवाकरराव म्हणाले.

"बैठे?"

आता साक्षीदार हवा होता. नलूबाईंनी समोरून ओमप्रकाशला हाक मारली. तो दाढीला साबण लावलेल्या अवस्थेतच आला आणि छाती ठोकून म्हणाला, "हम गवाह हैं! ये गाड़ी यहाँ से हिली नहीं. हम खुद बैठते हैं इसमें. पिछले इतवार ही तो राजनांदगांव तक गए थे."

भैयालालने भुवया वर केल्या.

"मतलब... गए नहीं थे," ओमप्रकाश गडबडला. "उतरे थे. यहीं उतरे थे. राजनांदगांव में."

"ओमप्रकाश भाऊ, तुमी दाढी करून घ्या," नलूबाई म्हणाल्या.

पण भैयालाल धंद्यातला मुरलेला होता, आणि मुरलेला माणूस साक्षीदारापेक्षा रबराचं ऐकतो. त्याने वाकून टायर पाहिले. त्यांच्यावरची नव्या टायरची केसासारखी रबरी टोकं अजून शाबूत होती. ब्रेकचं पेडल कोरं. मागच्या सीटवरचं प्लास्टिक फाटलं होतं ते फक्त ओमप्रकाशच्या बाजूचं. त्याने बॉनेट उघडलं, आत नाक घालून वास घेतला, आणि हळूहळू त्याच्या चेहऱ्यावरचं हसू जाऊन तिथे आश्चर्य आलं.

"ये तो सच में नहीं चली," तो स्वतःशीच म्हणाला. "किस्मत वाली गाड़ी है. दुल्हन की तरह रखा है."

त्याने भाव सांगितला. तो नलूबाईंच्या मनातलाच होता. दोन-तीनदा ताणाताणी झाली ती केवळ रीत म्हणून. भैयालालने बयाण्याच्या नोटा काढून थुंकी लावून मोजायला घेतल्या. नलूबाईंना चार वर्षांत पहिल्यांदा पोटभर श्वास आल्यासारखं वाटलं.

तेवढ्यात फाटकाशी ऑटो थांबला आणि आतून काठी, मागून लाखोळीच्या डाळीची पिशवी आणि तिच्यामागून फकिराजी उतरले. पहाटेची पॅसेंजर धरून आले होते. पायांवर आमगावची धूळ तशीच होती.

"थांबा जी पाव्हणे!" ते फाटकातूनच ओरडले.

फकिराजींनी उमेदीच्या काळात कित्येक बैलबाजार गाजवले होते. अख्ख्या गावात कुणालाही बैल विकायचा असेल तर लोक त्यांना सोबत नेत. आणि पोटचा पोरगा एवढी चारचाकी, कुणी दोन शब्द बोलणारं नसताना, मुकाट्याने विकायला निघाला होता! त्यांना रात्रभर झोप लागली नव्हती.

"असा बोंबलभिक्यासारखा विकते का रे कोनी?" त्यांनी मुलाला झापलं आणि गाडीभोवती एक फेरी मारली. बंपर दाबून पाहिला. मग बॉनेटवर अशी थाप मारली, जशी खोंडाच्या पाठीवर मारावी. "पाव्हणे, हे जनावर गोठ्यात उभं राहून पोसलेलं नाही. चाललेलं हाये, चाललेलं! रामटेकले गेलं अन् एका दिवसात परत आलं. पचमढीचा घाट चढलं, कुठं हाफलं नाही. नागझिऱ्याच्या जंगलात फिरलं. डोंगरगड तं याच्या अंगणातलं! दर आयतवारी कुठं ना कुठं. इचारा माया पोराले."

बैलबाजारात याहून मोठी तारीफ नसते. उभा असलेला बैल म्हणजे लंगडा नाहीतर आळशी, त्याला कोण विचारतो? ज्याने मुलूख पायाखाली घातला, तोच खरा. फकिराजी जीव ओतून बोलत होते आणि प्रत्येक गावाबरोबर भैयालालच्या हातातली नोट मोजायची थांबत होती. पचमढीला तर हातच खाली आला.

"दादाजी," तो सावकाश म्हणाला, "ये लोग तो बोल रहे हैं, गाड़ी कभी चली ही नहीं."

फकिराजींना आधी हसू आलं. मग ते मुलाकडे वळले. "काय म्हनून राहिला रे हा?"

दिवाकररावांना 'नाही चालली बाबा' एवढे तीनच शब्द बोलायचे होते. ते बोलले की कर्ज आजच्या आज सुटत होतं. पण समोर उभा असलेला म्हातारा चार वर्षं दर सोमवारी पारावर बसून गावाला हे सगळे मुलूख दाखवत आला होता. त्याला सांगायचं, की तुझा मुलगा या कुंपणासमोर बसून होता? दिवाकररावांचे डोळे भरून आले. त्यांनी बायकोकडे पाहिलं, कारण अशा वेळी ते नेहमी तिच्याकडेच पाहत आणि ती नेहमी खरं ते ठणकावून सांगत असे.

नलूबाई नोटांकडे बघत होत्या. मग त्यांनी सासऱ्यांच्या धुळीने भरलेल्या पायांकडे पाहिलं. पुढची तीन वर्षं त्यांच्या डोळ्यांसमोर उभी राहिली, एकेक महिना, एकेक पेन्शन. त्यांनी पदर खांद्यावरून घट्ट ओढून घेतला.

"गेली होती जी," त्या भैयालालला म्हणाल्या. "मामाजी खरं सांगून राहिले. सगळीकडं गेली."

"भाभीजी, सोच लीजिए. फिर तो मीटर..."

"गेली होती म्हटलं ना."

भैयालालने नोटा खिशात ठेवल्या. टायरकडे एकदा, म्हाताऱ्याकडे एकदा बघितलं. काय खरं आणि काय खोटं ते त्याला कळेनासं झालं होतं, आणि जे कळत नाही ते विकत घ्यायचं नाही हा त्याचा नियम होता. नवा भाव त्याने सांगितला तो इतका खाली, की कर्ज बघता बघता पुन्हा डोंगराएवढं झालं. नलूबाईंनी मान हलवून नाही म्हटलं.

"हम तो पहले ही बोले थे," दाढी करून आलेला ओमप्रकाश म्हणाला, "राजनांदगांव तक गए थे."

फकिराजी मात्र खूश होते. "जाऊ दे रे बापू. चांगल्या मालाले गिऱ्हाइक पटकन भेटत नाही. त्याले परवडली नाही, अजून काय! ठेव घरीच. अशी गाडी विकू नये." एवढं बोलून ते ओसरीवर बाजेवर टेकले.

सौदा मोडला तरी आलेल्या माणसाला चहाशिवाय धाडायचं नाही, ही फकिराजींची रीत. त्यांनी भैयालालला हात धरून बसवलं. नलूबाई आत गेल्या. स्टोव्हजवळ उभ्या राहून त्यांनी एकदा नीट रडून घेतलं, डोळे पुसले, साखर जरा जास्तच घातली आणि कप घेऊन बाहेर आल्या. वर ढग जमत होते, लिंबाची सावली गाडीवर हळूहळू सरकत होती.

"सूनबाई," फकिराजी फुर्रकन घोट घेत म्हणाले, "मले एका गोष्टीचं नवल वाटते. एवढे नागझिऱ्याले गेले, अन् हा म्हनते वाघ नाही दिसला. पारावर मले सारे हासले. खरंच नाही दिसला का वं?"

दिवाकररावांनी मान खाली घातली. नलूबाई उंबऱ्यावर बसल्या. पदराचं टोक त्यांनी बोटाला गुंडाळलं आणि बराच वेळ लिंबाकडे बघत राहिल्या.

"दिसला ना, मामाजी," त्या म्हणाल्या.

फकिराजींनी कप खाली ठेवला.

"ऊन उतरलं होतं. रस्त्याच्या डाव्या बाजूले मोहाचं झाड होतं, त्याच्या मांगं पाणी. पान हलत नव्हतं. मले वाटलं, वाळल्या गवताचा पुंजका हाये. मंग त्या पुंजक्यानं डोळे उघडले. कसे सांगू तुमाले, पिवळे, पण रागाचे नाही. जशी दुपारी निजलेल्या मानसाले कोनी हाक मारते ना, तसे. माह्याकडं पाहिलं त्यानं. मी म्हटलं, नीज बाप्पा, आमी जाऊनच राहिलो."

"फिर?" भैयालाल म्हणाला. त्याचा चहा निवून गेला होता.

"मंग उठला. अंग ताणलं. अन् पाण्याच्या काठानं चालत चालत गेला, पाठीवर उन्हाचे पट्टे घेऊन. जाता जाता एकडाव वळून पाहिलं."

ओमप्रकाशने हात जोडले. फकिराजींनी डोळे मिटून घेतले होते आणि त्यांच्या सुरकुतल्या चेहऱ्यावर पाण्याकाठचं ऊन पडल्यासारखं दिसत होतं.

दिवाकरराव मात्र अस्वस्थ झाले. ते सरकत सरकत बायकोजवळ आले. त्यांच्या आवाजात खराखुरा राग होता, चार वर्षांत कधी नव्हता एवढा.

"वाघ दिसला होता, तं मले कावून नाही सांगितलं?"

नलूबाईंनी रिकामे कप एकात एक घातले.

"तुमी गाडी चालवून राहिले होते ना," त्या म्हणाल्या. "म्हटलं, वळणावर नजर हटाले नको."